मोडायला दिलेला फोन

६ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पोचले. कळवायला बारा दिवस लागले, कारण पहिला आठवडा तोंडाची सूज उतरण्यातच गेला. पोस्टाच्या खिडकीवर ‘पाकीट’ म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात, आणि माझे मिटत नव्हते. वरचे दोन दात गेले ते गेलेच. तिसरा हलत होता, तो राहील असं इथल्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. कशावर पडलात, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फोनवर. त्यांना वाटलं मी फोनवर बोलत चालताना पडले. तसंच राहू दिलं.

निघायच्या घाईत तुला धड काही सांगता आलं नव्हतं, ते आता सांगते. त्या दिवशी तुझ्या दादाने मला हाताने मारलंच नाही. माझ्या फोनला मी नवं कुलूप घातलं होतं आणि ते उघडून द्यायला नाही म्हटलं. आत लांबडीशी झालेलं बोलणं होतं. लांबडी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण, तिनेच मला इथे काम बघून दिलं. तर त्याने केस धरून माझी मान मागे ओढली आणि तोच फोन, कडेच्या बाजूने, तोंडावर मारत राहिला. मारायचा, विचारायचा, पुन्हा मारायचा. काच फुटली आणि त्याच्या अंगठ्यात गेली, तेव्हा थांबला. कुलूप मी उघडलं नाही. कसा तग धरला ते मलाच माहीत नाही.

तो फोन तुझ्याकडे टाकून आलेय. तो मोडून टाक. दुरुस्त करू नकोस, कुणाला देऊ नकोस. चार्जिंगच्या भोकात अजून माझं रक्त असेल.

इथे मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. माझं काम तापलेल्या रोलरवर. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची आणि रोलरच्या तोंडाला लावायची, की तो ती आत ओढून घेतो आणि पलीकडे कोरडी, कडक काढतो. लांबडी माझ्या जोडीला असते. वाफेच्या पाइपाखालून जाताना ती अजून वाकते आणि तरी रोज एकदा डोकं आपटतेच. आम्ही दोघी राहतो बायकांच्या वसतिगृहात, चौघींच्या खोलीत. पत्ता मागे आहे.

नवा नंबर देत नाही. तुझ्यावर विश्वास नाही असं समजू नकोस. तुझा फोन तो कधी हिसकावेल याचा नेम नाही, म्हणून. कागदावरच लिहीत जा, तू फोन दुरुस्त करतेस त्या दुकानाच्या पत्त्यावर मी उत्तर देईन.

पूर्वी मी त्याला ‘हे’ म्हणायचे. आता ‘तो’ लिहिते आहे, आणि हात अडखळत नाही. तुला वाचायला जड जाईल, तुझा भाऊ आहे. पण आता असंच.

तुझी,
वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र दुकानात आलं आणि मालकांनी ते माझ्या टेबलावर असं ठेवलं जणू सरकारी नोटीस आहे. हल्ली कुणी पत्र लिहितं का, असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, माझी वहिनी जुन्या वळणाची आहे. तू हसली असतीस. की हसायला अजून दुखतं?

इकडचं सांगते, लपवत नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने अ‍ॅपवरच्या आपल्या खात्यावर तुझा फोटो टाकला. खाली लिहिलं, हिला कुणी पाहिली तर कळवा, दोन्ही पाय मोडून घरी आणायची आहे. त्याच्या ओळखीच्या लोकांनी खाली हसण्याची चित्रं टाकली. मग रोज एक फोटो. तुमच्या खोलीतला तुझा झोपलेला फोटोसुद्धा टाकला. नवव्या दिवशी त्याचं खातं कायमचं बंद झालं. कुणीतरी तक्रारी केल्या असणार.

आता त्याच्या फरशीच्या कामाचे सगळे फोटो त्याच खात्यावर होते. गिऱ्हाईक तिथूनच यायचं. तो वेडापिसा झाला. नवं खातं उघडलं, तासाभरात तेही बंद. आईच्या फोनवरून उघडलं, तेही. मग माझा फोन घेतला. मी देत नव्हते तर हात पिरगळून घेतला. माझ्या फोनवर तासाभराने तेच. आता आमच्या घरातल्या एकाही फोनवर ते अ‍ॅप चालत नाही.

त्याला कळेना, नाव बदललं, नंबर बदलला, तरी हे ओळखतात कसे. मी समजावलं. प्रत्येक फोनच्या आतल्या मुख्य बोर्डावर एक पंधरा आकडी नंबर असतो, आतल्या भागांचे आपापले नंबर असतात, शिवाय अ‍ॅपही आपली खूण ठेवून जातं. ते नेमकं कशावरून ओळखतात हे कंपनी कुणाला सांगत नाही, पण माणसाने कितीही सोंगं घेतली तरी फोन तोच असतो. हे ऐकून त्याने आईचा फोन भिंतीवर फोडला. शेजारचा शिंपी दारातून बघत होता, तो जरासा हसला. दादाने फरशीचा तुकडा उचलला आणि त्याच्या कानाखाली मारला. सात टाके पडले. कानाचा खालचा भाग लोंबत होता, शिंप्याने तो हाताने जागेवर धरला होता आणि तसाच रस्त्यापर्यंत चालत गेला. त्याच्या बायकोने आमच्या रक्ताळलेल्या पायऱ्या धुऊन दिल्या, आईच्याने उठवेना.

आई म्हणते, सून गेल्यापासून पोरगा असा झाला. मी म्हटलं, आई, तू कुठे राहत होतीस इतकी वर्षं?

तुझ्या फोनची काळजी करू नकोस. माझ्याकडे आहे म्हणजे मोडीत निघाल्यात जमा.

भिंगरी


३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तक्रारी कुणी केल्या ते सांगते. आम्ही. वसतिगृहातल्या एकवीस जणी, जेवणाच्या लांब टेबलाशी बसून, एका सुरात. लांबडी उभी राहून सांगत होती, आता वरचे तीन ठिपके दाबा, आता ‘धमकी’ दाबा. बँकेतल्या कारकूनबाईंनी चुकून ‘मला हे आवडत नाही’ दाबलं तर सगळ्या त्यांच्यावर ओरडल्या. इतक्या दिवसांनी पोट धरून हसले. हसताना हिरडीच्या टाक्यांतून थोडं रक्त आलं, पण आलं तर आलं.

झोपलेला फोटो मी इथल्या परीटबाईंच्या फोनवर पाहिला. मग बाथरूममध्ये जाऊन बसले. नंतर वाटलं, मी का लपते आहे?

माझं जुनं खातं मी मिटवलं. नव्या फोनवर फक्त वसतिगृहाचा गट आहे, तोही खोट्या नावाने. लांबडीला मी सांगून ठेवलंय, माझा फोटो कुठे टाकायचा नाही. ती म्हणते, तू काय नटी आहेस का. पण ऐकते.

रोलरचं मला आता भय वाटत नाही. समोर एक आडवी पट्टी असते, हात लागला की यंत्र थांबतं. आमच्या सुपरवायझरने ती तारेने वर बांधून ठेवली आहे, काम भराभर व्हावं म्हणून. वर एक लाल दोरी आहे, ती ओढली की थांबतं. तेवढ्यावर भागवतो.

एक विचारायचं आहे. तू लिहिलंस ‘मोडीत निघाल्यात जमा’. मोडलास की नाही? तुझं जमा म्हणजे काय ते मला माहीत आहे. लग्नातला माझा मोडका हेअर ड्रायर तू चार वर्षं ‘जमा’ ठेवला होतास.

शिंप्याच्या बायकोला माझा निरोप दे. काय निरोप ते तूच ठरव, मला सुचत नाही.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहिते. दुकानात पाण्यात पडलेल्या फोनांची रांग लागली आहे.

दादा जरा निवळला आहे. कामं मिळायला लागली. एका शाळेच्या व्हरांड्याची मोठी फरशी मिळाली आहे, सकाळी जातो, दमून येतो. त्याला फोन मिळाला दुसरा, त्यावर नवं खातं चाललं. फक्त कामाचेच फोटो टाकतो, मला दाखवतो. आईशीही नीट बोलतो. परवा शिंप्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता, आत गेला नाही, पण उभा राहिला.

तू म्हणशील मी त्याची बाजू घेते आहे. घेत नाही. जे दिसलं ते सांगितलं.

तुझा फोन मोडला.

भिंगरी


११ मार्च

प्रिय भिंगरी,

निवळला असेल तर बरंच आहे, तुम्हा दोघींसाठी. माझ्यासाठी त्यात काही नाही. मागे एकदा तो पाच महिने निवळला होता. नंतर गॅसच्या पाइपाने मारलं.

मला नवे दात बसले. लांबडी म्हणते आता तू बँकेतल्या बाईसारखी दिसतेस.

एक गोष्ट सांगते. चार दिवसांपूर्वी लांबडीला एका अनोळखी बाईचा निरोप आला. ओळखीचं कुणी नाही, फोटोच्या जागी फुलाचं चित्र. अ‍ॅपनेच तिला लांबडीचं नाव ‘ओळखीचं असू शकेल’ म्हणून सुचवलं, असं तिने लिहिलं. लांबडीच्या फोटोत धुलाईखान्याचा झगा आहे, तो बघून विचारते आहे की तिथे कामाला बाई हवी का. नवरा मारतो. घर सोडायचं आहे. लिहिते, ‘मी गेले तर तो माझे दात पाडेल.’ वाचून मला भडभडून आलं, भिंगरी. आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी वेगळं आहे, आणि बघ, कुठली कोण बाई, तिचे शब्दसुद्धा तेच.

लांबडी म्हणाली, अशी कुणालाही उत्तरं देत सुटू नये. मीच तिला भरीला घातलं. मीच सांगितलं काय लिहायचं ते. दुपारी दोनला पाळी बदलते, तेव्हा मागच्या फाटकाने ये, पहारेकरी जेवायला बसलेला असतो, हटकत नाही. आत आलीस की तिसऱ्या रोलरवर आम्ही दोघी. सुपरवायझरशी आम्ही बोलू. तिने विचारलं, दोघी म्हणजे? लांबडीने लिहिलं, माझी एक मैत्रीण, तीही यातून गेलेली आहे.

आली तर आमच्या खोलीत चौथी खाट रिकामी आहे. तिला उशी काढून ठेवली आहे.

वहिनी


१४ मार्च, सकाळ

वहिनी,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. आधी हे वाच आणि तिथून नीघ. त्या बाईला उत्तर देऊ नका. ती बाई नाही. तो दादा आहे.

तो काल संध्याकाळी गेला. हत्यारांची पिशवी घेऊन. बसने सात तास. मी आज सकाळी हॉस्पिटलच्या फोनवरून तुमच्या धुलाईखान्यात दोनदा फोन केला. सुपरवायझर म्हणाले, घरचे निरोप पाळी संपल्यावर. दुसऱ्यांदा मी ओरडले तर फोन ठेवला. पोलीस माझी तक्रार घ्यायला आले होते, त्यांना सांगितलं, ते म्हणाले तिकडे कळवतो. कळवलं का ठाऊक नाही. अ‍ॅपवरून लांबडीला लिहिता येत नाही, माझा फोन त्यांनी बंद केलेला आहे आणि मालकांचं तिथे खातं नाही. म्हणून मालकांच्या हाती हे पत्र देते, ते बसच्या ड्रायव्हरकडे देतील.

आता बाकीचं.

तुझा फोन मी मोडला नव्हता. काच फुटली होती, बोर्ड चांगला होता. मी तो खणात ठेवला. मोडायला हात होईना, माझं कामच उलटं आहे. मग फेब्रुवारीत दादा दुकानात आला. माझ्या स्टुलाशी खाली बसला आणि रडला. म्हणाला, भिंगरे, माझं पोट बंद केलं गं त्यांनी, माझा फोन नवा करून दे. मी लहानपणापासून त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तुमचे दोन्ही फोन एकाच दिवशी घेतलेले, एकाच मॉडेलचे. मी तुझा बोर्ड काढला, त्यावरचं सगळं पुसलं आणि त्याच्या फोनमध्ये बसवला. ते खातं चाललं. मला त्याने तेव्हा बोटही लावलं नव्हतं, वहिनी. मारलं असतं आणि मी केलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. तो फक्त रडला.

मी पुसलं म्हणजे आपल्या बाजूचं पुसलं. अ‍ॅपकडे त्या बोर्डाची ओळख होती. त्यांच्या लेखी तो फोन तुझाच. तू त्यावरून ज्यांच्याशी बोलायचीस ती माणसं त्यांनी दादाला दाखवली, ओळखीची असतील म्हणून. पहिलं नाव लांबडीचं. तुझे दात पाडूनही त्याला जे मिळालं नव्हतं, ते त्याच्या हातात आयतं पडलं, आणि ते मी दिलं.

मला हे काल कळलं. तो दुकानात आला, म्हणाला आणखी एक बोर्ड बदलून ठेव, लागेल. मी फोन हातात घेतला तर वर फुलाचं चित्र आणि खाली लांबडीशी झालेलं सगळं बोलणं. मी बोर्ड उपटायला लागले. त्याने माझा हात स्क्रूच्या खणात दाबला आणि खण पायाने बंद केला. दोनदा. दोन बोटं मोडली आहेत, आज तारा घालणार आहेत. फोन घेऊन गेला. तो त्या वेळी रागावलेला नव्हता. म्हणाला, आता ती कुठे आहे ते मला कळलंय, तू कशाला मध्ये येतेस.

मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आधी नीघ.

भिंगरी


८ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. संध्याकाळी सहाला ड्रायव्हरने वसतिगृहाच्या बाईंकडे दिलं. मी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते.

काय झालं ते तुला कुणाकडून तरी कळलं असेल. तरी मी सांगते, कारण मी जे सांगणार आहे ते इतरांना माहीत नाही.

तो दोन वाजता मागच्या फाटकाने आला. पहारेकऱ्याने हटकलं, तेव्हा म्हणाला बाथरूमची फरशी बघायला आलोय, आणि पिशवी उघडून दाखवली. हातोडी, छिन्नी, ओळंबा. पहारेकऱ्याने त्याला रस्ताही दाखवला. आम्ही दारात एक बाई येईल म्हणून बघत होतो. लांबडीने तर तिच्यासाठी वाटीत जेवण काढून ठेवलं होतं. त्यामुळे तो चार पावलांवर येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

पहिला घाव माझ्या उजव्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला कानाने नाही, दातांतून ऐकू आला. मी खाली बसले. तो काही बोलत नव्हता, शिवी नाही, काही नाही, फरशी ठोकताना जसा गप्प असतो तसा. दुसरा घाव माझ्या डोक्यावर येत होता. लांबडी मधे आली. तिने त्याचा हात धरायला पाहिजे होता, पण ती उंच, वाकून मला झाकायला गेली. घाव तिच्या कानाच्या मागे बसला. ती माझ्या अंगावर पडली. त्याने तिच्यावर आणखी दोनदा मारलं, ती मधे होती म्हणून, बाकी काही कारण नाही. तिच्या डोक्यातलं गरम माझ्या मानेवरून आत गेलं. ती चार दिवस जगली. शुद्धीवर आली नाही. तिची आई पोचली तेव्हा ती होती, एवढंच.

आता पुढचं. आमची चादर तेव्हा अर्धी रोलरमध्ये गेलेली होती. यंत्र सावकाश चालूच होतं. ओलं टोक माझ्या हाताशी लोंबत होतं. तो मला लांबडीच्या खालून ओढून काढायला वाकला, तेव्हा मी ते टोक डाव्या हाताने त्याच्या मनगटाभोवती फिरवलं. दोन वेढे. ओली चादर कशी आवळते तुला माहीत असेल. रोलरने चादर ओढली आणि चादरीबरोबर त्याला. आडवी पट्टी तारेने बांधलेली होती. आधी हातोडी पडली, मग हात आत गेला. बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. तो किंचाळला तेव्हा मला ओळखूच आलं नाही तो आवाज कुणाचा. जळल्याचा वास आला.

लाल दोरी माझ्या डोक्यावर होती. मी तोवर गुडघ्यांवर उठले होते. हात वर केला असता तर पोचला असता.

नंतर सुपरवायझर धावत आला आणि त्याने ओढली. तोवर किती वेळ गेला ते सांगता येत नाही, पण थोडा नाही. पोलीस अधिकाऱ्यांनी मला विचारलं, दोरी का ओढली नाही? मी म्हटलं, खांदा मोडला होता, हात वर होत नव्हता. खरंच होत नव्हता, उजवा. डाव्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

मी त्याच्याकडे बघत होते, भिंगरी. घाबरून गोठले होते असं नव्हे. लांबडीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी बघत होते.

तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते लिहायला तीन वेळा बसले. रडणाऱ्या भावाला फोन नवा करून दिलास. मी ‘मोडलास का’ म्हणून विचारलं तेव्हा ‘मोडला’ लिहिलंस. त्या एका ओळीत तू खरं लिहिलं असतंस तर मी त्या बाईच्या निरोपावर उशी काढून ठेवली नसती. पण फाटक, वेळ, रोलरचा आकडा, हे सगळं मीच सांगितलं. लांबडी नको म्हणत होती. रात्री मी कधी तुला दोष देते, कधी मला, आणि दोन्ही पुरत नाहीत.

आता मला लिहू नकोस.

वहिनी


२ मे

वहिनी,

लिहू नकोस म्हणालीस तरी हे एकच लिहिते, कारण ते तुझ्या कामाचं आहे.

मी पोलिसांकडे गेले आणि सगळं सांगितलं. फोनचा बोर्ड बदलून त्याला बंद खात्यातून वाट काढून दिली, ही गोष्ट मी त्यांना सांगितली नसती तर त्यांना कधी कळली नसती. ज्या अधिकारीबाईंनी लिहून घेतलं त्यांना आधी समजेना यात गुन्हा कुठला, मग त्यांनी वरच्यांना बोलावलं. माझी हत्यारं, मायक्रोस्कोप, सगळं नेलं. मालकांनी मला काढलं. ते वाईट बोलले नाहीत, फक्त माझं स्टूल आत नेऊन ठेवलं. तसाही हात आता बारीक कामाचा राहिलेला नाही, दोन बोटं वळत नाहीत.

तो फोन त्यांना दादाच्या खिशात मिळाला होता. तुझा बोर्ड त्यात आहे, त्यावर माझ्या हातचा सोल्डरचा डाख आहे, त्याचा नंबर तुझ्या फोनच्या डब्यावरच्या नंबराशी जुळतो. तो हे ठरवून आला होता हे त्यावरून सिद्ध होतं, असं सरकारी वकीलबाई म्हणतात. लांबडीशी बाई बनून जे बोलला तेही त्यात आहे. तो म्हणतो आहे की बायकोला समजवायला गेलो होतो आणि भांडण झालं. आता ते चालणार नाही.

त्याला मी एकदा भेटले, हॉस्पिटलच्या पहाऱ्याच्या खोलीत. हात कोपराच्या वर कापला आहे. मला म्हणाला, आता मी फरशी कशी बसवणार? मी म्हटलं, लांबडी काय करणार, दादा? तो म्हणाला, लांबडी कोण? आपण मारलेली बाई कोण होती हे त्याला खरंच माहीत नव्हतं. मी उठून आले. परत जाणार नाही. आई जाते. ती माझ्याशी बोलत नाही, माझं ताट वाढून ठेवते आणि खोलीतून निघून जाते.

पोलिसांनी आपली सगळी पत्रं मागितली. दिली. फक्त तुझ्या शेवटच्या पत्रातलं एक पान दिलं नाही, जिथे दोरीचं आहे. दादाचा वकील ते धरून बसेल. म्हणेल, बाईने माणूस जळू दिला. ते पान माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. मागच्या वेळी तू सांगितलेलं केलं नाही. या वेळी न सांगता करते आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही ते ठरवत बसावं लागेल.

भिंगरी


१४ मे

भिंगरी,

ते पान देऊन टाक.

मी परवा अधिकाऱ्यांकडे जाऊन डाव्या हाताचं सांगून आले. वकीलबाई माझ्यावर इतक्या चिडल्या की त्यांनी फाइल टेबलावर आपटली. म्हणाल्या, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? मी म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तर आले. यातून काय होईल ते त्यांना नक्की सांगता येत नाही. कदाचित काही नाही. कदाचित माझ्यावरही तारखा लागतील. लागल्या तर जाईन. सुपरवायझरनेही मग पट्टी तारेने बांधल्याचं कबूल केलं, तोवर तो ती तार कुणी बांधली ते माहीत नाही म्हणत होता.

माझ्याकरता कागद लपवायला लागलीस तर पुन्हा आपण तिथेच येऊ, खणात ठेवलंय पण मोडलं म्हणायचं. ते मला नको. तुझं तू सांगितलंस, माझं मी सांगितलं.

लांबडीची आई अजून इथेच आहे. लांबडीच्या खाटेवर झोपते. मला वाटलं होतं ती मला दारात उभं करणार नाही. ती मला रोज आंघोळीला मदत करते, खांदा अजून वर जात नाही. केस धुताना काल म्हणाली, त्याच्या बहिणीने सांगितलं नसतं तर तो सुटला असता ना? मी हो म्हटलं. तिने पाणी ओतलं. मग म्हणाली, तिला बघायचं आहे मला. का बघायचं आहे ते मी विचारलं नाही.

सव्वीस तारखेला पहिली सुनावणी आहे. तुला समन्स येईलच. उतरायची सोय तू तुझी कर, आमच्या खोलीत नको. कोर्टात आम्ही दोघी पुढच्या बाकावर असू. तू तिथे येऊ नकोस, मागे कुठेतरी बस. तिला मी सांगेन कुठली ती तू. मग ती वळून बघेल, आणि मीही बघेन. त्या दिवशी एवढंच. पुढचं मला आत्ता माहीत नाही.

बोटांचा व्यायाम सोडू नकोस. इथल्या हाडांच्या डॉक्टरांना मी विचारलं, ते म्हणाले सहा महिन्यांत वळायला लागतील.

वहिनी